तेल, वायू आणि मोटारीची उंची

मोटार जमिनीपासून किती उंच असावी, हा प्रश्न बहुतेकांना पडतच नाही. कारखान्याने दिली ती तिची उंची. पुढे कमानीचे पाटे थकले की गाडी चार बोटे खाली बसते, आणि आपण ते वार्धक्याचे लक्षण समजून मुकाट्याने सोडून देतो. पण १९५५ सालच्या ऑक्टोबरात पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात सित्रोएन कंपनीने जी गाडी मांडली, तिची उंची नशिबावर सोडलेली नव्हती. ती क्षणोक्षणी राखली जात होती. गाडीचे नाव डी. एस. १९. फ्रेंच उच्चारात ही दोन अक्षरे 'देवी' या अर्थाच्या शब्दासारखी ऐकू येतात.

या गाडीमागची अडचण टांग्याइतकीच जुनी आहे. कमान मऊ ठेवावी तर चार माणसे व सामान चढताच गाडी बसकण मारते; ताठ ठेवावी तर एकट्या माणसाची हाडे खिळखिळी होतात. पोलादाच्या कमानीला एकच स्वभाव असतो, आणि ओझे तर रोज बदलते. सित्रोएनमधील पॉल माजेस याने हे कोडे सोडवण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. हा गृहस्थ १९२५ साली, वयाची विशीही गाठलेली नसताना, कंपनीत लागला. अभियांत्रिकीची पदवी त्याच्यापाशी नव्हती. पोलादाऐवजी त्याने वायूची कमान केली. १९५४ साली ती एका जुन्या धाटणीच्या गाडीच्या केवळ मागच्या चाकांना लावून पाहिली, आणि पुढच्याच वर्षी देवी अवतरली.

रचना ऐकावयास वाटते तितकी गूढ नाही. प्रत्येक चाकाशी एक पोलादी गोळा असतो. त्याच्या आत रबरी पडदा. पडद्याच्या एका अंगाला दाबलेला नायट्रोजन, दुसऱ्या अंगाला तेल. चाक खड्ड्यावरून उसळले की दट्ट्या तेल ढकलतो व वायू दबून धक्का गिळतो. वायूचा गुण असा की, तो जितका दाबावा तितका अधिक ताठ होतो. म्हणून ओझे वाढले तरी गाडीचा डौल फारसा बिघडत नाही. मात्र गाडी खाली येते, आणि इथेच माजेसचे खरे कौशल्य दिसते. एंजिनावर चालणारा पंप तेल दाबाखाली राखून ठेवतो, आणि पुढे एक व मागे एक अशा दोन उंची-नियामक झडपा ते तेल हवे तेवढे आत सोडतात किंवा बाहेर काढतात. गाडी खाली बसली की तेल आत, वर आली की तेल बाहेर.

झडपेला उंची कळते कशी? डावी-उजवी चाके जोडणाऱ्या पोलादी दांड्याच्या मध्यावर एक चिमटा बसवून तेथून बारीक सळई झडपेपर्यंत नेलेली असते. वळणावर गाडी एका अंगाला कलली तर दांड्याचे एक टोक इकडे व दुसरे तिकडे पिळले जाते, पण मध्य जागचा हलत नाही. त्यामुळे झडप फसत नाही. शिवाय तिची हालचाल मुद्दाम मंद केलेली आहे. प्रत्येक खड्ड्याला ती धावत सुटली असती, तर गाडी दिवसभर उठाबशाच काढीत राहिली असती.

आता उंची लावण्याची रीत पाहू. कारण या गाडीच्या इतिहासात सर्वांत अधिक गैरसमज इथेच झाले. जमीन सपाट हवी, टायरांत नेमकी हवा हवी, एंजिन चालू हवे, आणि चालकाजवळचा उंचीचा दांडा नेहमीच्या जागी हवा. मग गाडी हातांनी उचलून धरावयाची, तेल निघून ती जड लागू लागली की सोडावयाची. ती खाली जाऊन पुन्हा वर येत स्थिरावते, तेव्हा माप घ्यावयाचे. नंतर ती दाबून धरावयाची आणि सोडावयाची. या खेपेस ती वर जाऊन खाली येत स्थिरावते, तेव्हा दुसरे माप. दोन्ही मापे बहुधा जुळत नाहीत, कारण सांध्यांत घर्षण असते. खरी उंची म्हणजे दोहोंची सरासरी. ती चुकली तरच चिमटा सैल करून किंचित फिरवावयाचा. एकदाच माप घेऊन पाना चालवणारा मिस्त्री गाडीचे नव्हे, घर्षणाचेच माप घेत असतो.

दुसरी चूक अधिक घातक होय. गोळ्यातील नायट्रोजन वर्षांगणिक पडद्यातून झिरपतो व गाडी दगडासारखी कडक होते. मालक म्हणतो, 'उंची बिघडली.' वस्तुतः उंची अगदी बरोबर असते. झडप तेल भरून ती राखतेच. उंची तेलाची, मऊपणा वायूचा. अशा वेळी गोळे बदलावे किंवा भरून घ्यावे. चिमट्याला हात लावून काही साधत नाही. आणि गाडी वर उभी आहे म्हणून भक्कम घोड्या न लावता तिच्याखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. तेल सुटले की सबंध गाडी अंगावर बसते.

तेलाचीही एक कथा आहे. आरंभीचे तांबडे तेल वनस्पतिजन्य होते, नंतरचे तांबडे कृत्रिम. हे कृत्रिम तेल हवेतील ओल शोषून घेई आणि आतील भाग गंजवी. १९६६ साली हिरवे खनिज तेल आले व ती पीडा टळली. पण दोहोंच्या रबरी कड्या वेगळ्या असल्याने एकाच्या जागी दुसरे ओतले की कड्या फुगून नासतात.

२२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पेती-क्लामार येथे अध्यक्ष द गॉल यांच्या गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. टायर फुटले असतानाही ती डी. एस. पुढे निघून गेली, आणि फ्रान्सभर या गाडीचा बोलबाला झाला. १९६५ साली रोल्स-रॉइसनेही आपल्या सिल्व्हर शॅडोसाठी उंची राखण्याची हीच विद्या परवान्याने घेतली. डी. एस.चे उत्पादन १९७५ साली थांबले. तेल-वायूची कमान सित्रोएनच्या पुढच्या गाड्यांत टिकून राहिली व २०१७ साली सी-५ बरोबर तीही बंद झाली. आता राहिल्या आहेत त्या हौशी लोकांनी जपलेल्या गाड्या. रात्रभर उभ्या राहून त्या जमिनीपाशी बसलेल्या असतात; सकाळी एंजिन सुरू केले की थोड्याच वेळात उठून उभ्या राहतात.