लातूरचा माल, दोन रुपये आणि खरी किंमत

१/ १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली. लातूर निजामाचे, बार्शी इंग्रजांची. सरहद्द ओलांडताच मालाचा रुपयाही बदले.

२/ नांदेड-लातुरात हाली सिक्का, पलीकडे कलदार. ढोबळ दर: ७ हाली म्हणजे ६ कलदार.

३/ समजा, ७०० हालींना घेतलेला माल बार्शीत ६५० कलदारांना विकला. वरवर ५० चा तोटा. पण खरेदी कलदारांत ६०० चीच. म्हणजे ५० शिल्लक. त्यातूनच हमाली, रेल्वेभाडे आणि करोडगिरी, म्हणजे निजामी जकात, वजा व्हायची. हा खर्च ५० च्या वर गेला, की नफा वहीपुरताच.

४/ आज टॅलीसारखी प्रणाली असे रूपांतर क्षणात करते. हमालीची नोंद मात्र माणसानेच करायची. ती राहिली, तर मालाची किंमत आजही खोटीच निघते.