कंबर कसायची की पोतं हलकं करायचं? वेटलिफ्टिंगच्या पट्ट्याची गोष्ट

गेल्या महिन्यात एकाच सकाळी दोन जण एकच प्रश्न घेऊन दवाखान्यात आले.

पहिला विशीतला मुलगा. सहा महिन्यांपासून जिमला जातो. पिशवीतून चार इंच रुंद, जाड कातडी पट्टा काढून त्यानं टेबलावर ठेवला. "सर, हा बांधला की कंबर सेफ ना?"

दुसरे पन्नाशीचे हमाल. त्यांच्या शर्टावरच मेडिकलच्या दुकानातून आणलेला लवचिक पट्टा होता, धुळीनं मळलेला. मी विचारलं, "मामा, फरक पडला का?" ते हसून म्हणाले, "ठणका हाय तसाच हाय डाक्टर. पर पट्टा बांधल्यापासनं दोन पोती ज्यादा उचलतोय."

पट्ट्याबद्दल जे काही सांगण्यासारखं आहे, ते बहुतेक मामांच्या या एका वाक्यात आलं. तरीही ते नीट समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

कंबर कसणं ही जुनीच गोष्ट

मोठं काम हाती घेताना आपण "कंबर कसली" असं म्हणतो. हा नुसता वाक्प्रचार नाही. शेतात आणि बाजारात ओझं उचलणारी माणसं कमरेला पंचा किंवा उपरणं आवळून बांधत आली आहेत. बाळंतिणीचं पोट बांधण्याची पद्धत घरोघरी होती. पोट आणि कंबर आवळली की बळ आल्यासारखं वाटतं, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

पण आपल्या भागातल्या तालमीत पहा. तिथे मल्ल लंगोट कसतो, पट्टा बांधत नाही. जोर, बैठका, करेल, दगडी नाल या सगळ्या मेहनतीत पट्ट्याला जागाच नव्हती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं. अशा मल्लांची कंबर मेहनतीनं आणि तालमीतल्या मातीनं घडत असे. म्हणजे मजबूत कंबर ही आधी स्नायूंची कमाई आहे. पट्ट्याचा नंबर त्यानंतर लागतो.

पट्टा नेमकं काय करतो?

बहुतेकांना वाटतं की मोडलेल्या हाताला जशी फळी बांधतात, तसा पट्टा मणक्याला बाहेरून आधार देतो. तसं नाही.

ज्वारीचं पोतं डोळ्यांपुढे आणा. गच्च भरून तोंड शिवलेलं पोतं सरळ उभं राहतं. अर्धवट भरलेलं पोतं मध्येच वाकतं. आपलं पोटही तसंच आहे. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचे स्नायू, पुढे आणि बाजूला पोटाचे स्नायू, मागे मणका. जड वस्तू उचलण्याआधी आपण नकळत श्वास भरून रोखतो आणि पोट घट्ट करतो. आतला दाब वाढतो, पोतं गच्च होतं आणि मणका सहजासहजी वाकत नाही.

पोटातल्या या दाबामुळे कमरेच्या मणक्यांमधल्या गादीवरचा भार हलका होत असावा, ही कल्पना बार्टेलिंक यांनी १९५७ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मोजमापांसह मांडली. पुढे १९६० च्या दशकात स्वीडनचे डॉ. नाकेमसन यांनी जिवंत माणसांच्या मणक्यातल्या गादीत सुई घालून तिथला दाब प्रत्यक्ष मोजला. पुढे वाकून ओझं धरलं की हा दाब किती वाढतो, ते तेव्हा आकड्यांत दिसलं. पोटातला दाब मणक्याचा भार नेमका किती कमी करतो, यावर नंतर बरेच वाद झाले. पण त्यामुळे कंबर ताठ आणि स्थिर राहते, हे आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

१९८९-९० च्या सुमारास अमेरिकेत वेटलिफ्टरांवर प्रयोग झाले. पट्टा बांधून जड वजन उचलताना पोटातला दाब बिनपट्ट्यापेक्षा जास्त वाढतो, असं त्यात दिसलं. कारण पोटाच्या स्नायूंना ढकलायला समोर एक भिंत मिळते. पट्टा हीच ती भिंत. पण भिंतीवर जोर लावायचा तो तुमच्याच पोटानं. पोट सैल सोडून नुसता पट्टा आवळला, तर अर्धवट भरलेल्या पोत्याला बाहेरून दोरी गुंडाळल्यासारखं होतं.

मंचावरचा पट्टा

वेटलिफ्टिंगच्या खेळात पट्ट्याला परवानगी आहे, पण मर्यादेत. तो पोशाखाच्या वरून बांधायचा आणि त्याची रुंदी १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. पॉवरलिफ्टिंगमध्ये ही मर्यादा १० सेंटिमीटर आहे.

या खेळाच्या इतिहासातली एक घटना मला महत्त्वाची वाटते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत स्पर्धेत तीन प्रकार होते: प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. प्रेसमध्ये वजन खांद्यावरून नुसत्या हातांच्या ताकदीनं वर न्यायचं असे. खेळाडू हळूहळू कंबर मागे इतकी वाकवू लागले की उभ्या उभ्या छातीचा व्यायाम चालल्यासारखं दिसे. नियमात काय बसतं, हे ठरवणं पंचांना अवघड झालं. कमरेच्या दुखापतीची काळजीही होतीच. शेवटी १९७२ नंतर प्रेस हा प्रकारच बंद झाला. म्हणजे अडचण आली तेव्हा पट्टा आणखी रुंद केला गेला नाही, उचलण्याची ती रीतच काढून टाकली गेली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणखी एक जवळचं उदाहरण. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरनं ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवलं. त्यानं एकूण २४८ किलो वजन उचललं आणि सुवर्ण एका किलोनं हुकलं. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली होती. जड वजन शरीरातला कोणताही सांधा पणाला लावू शकतं. कमरेला पट्टा बांधून कोपर, खांदा किंवा गुडघा वाचत नाही.

मंचावरून गोदामात

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हा पट्टा खेळाडूंच्या कमरेवरून कामगारांच्या कमरेवर आला. कंबरदुखीमुळे कामगारांच्या रजा आणि भरपाईचे दावे वाढत होते. मालकांना स्वस्त उपाय हवा होता. दुकानं आणि गोदामांतून पट्ट्यांचं वाटप सुरू झालं.

१९९४ साली कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, 'नायॉश'नं, सगळे पुरावे तपासले. निरोगी कामगारांना कंबरेची इजा टाळण्यासाठी पट्टा वापरायला सांगावं इतका पुरावा नाही, असं तिनं स्पष्ट केलं. पट्ट्यामुळे खोटा धीर येऊन माणूस जास्त वजन उचलेल, ही काळजीही तिनं व्यक्त केली. म्हसवडच्या मामांनी तेच सांगितलं नाही का?

१९९६ मध्ये उलट निष्कर्ष आला. 'होम डेपो'च्या कॅलिफोर्नियातल्या दुकानांमध्ये पट्टे सक्तीचे केल्यावर कंबरेच्या इजा सुमारे एक तृतीयांशानं घटल्या. पण त्याच काळात तिथे इतर सुरक्षा उपायही सुरू झाले होते. मग श्रेय कुणाचं? म्हणून नायॉशच्याच संशोधकांनी दुसऱ्या एका साखळीच्या १६० नव्या दुकानांत मोठा अभ्यास केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. काही दुकानांत पट्टा सक्तीचा होता, काही ठिकाणी ऐच्छिक. नऊ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. निष्कर्ष असा की, पट्टा रोज बांधणारे असोत वा क्वचित बांधणारे, कंबरदुखीत फरक नाही, भरपाईच्या दाव्यांतही फरक नाही.

आपल्या माथाडींची गोष्ट

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या बाजारपेठांत माथ्यावर आणि पाठीवर ओझी वाहणारे माथाडी मोठ्या संख्येनं आपल्या सातारा जिल्ह्यातले. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. ते स्वतः नाना पेठेत दवाखाना चालवणारे वैद्यकीय व्यावसायिक. हमालाच्या दुखण्यावर औषध पुरणार नाही, हे त्यांना दिसलं. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. नोंदणी, ठरलेली मजुरी, भविष्य निर्वाह निधी, वैद्यकीय सोय या गोष्टी हमालाला मिळू लागल्या. आणि ज्याची मजुरी सुरक्षित, तोच जड पोत्याला 'नाही' म्हणू शकतो.

पूर्वी धान्या-साखरेचं क्विंटलभराचं पोतं एकट्याच्या पाठीवर चढत असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली शिफारस केली की प्रौढ पुरुषाला एकट्यानं वाहायला ५५ किलोपेक्षा जास्त ओझं असेल, तर ते कमी करण्याची पावलं उचलावीत. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही इजा होईल इतकं जड ओझं उचलायला लावण्यास मनाई होती. ५० किलोपेक्षा जड गोणी उचलणार नाही, अशी भूमिका वाशीच्या बाजारातल्या माथाडींनी वारंवार घेतली आहे.

तरी ५० किलो म्हणजे हलकं नव्हे. वस्तू शरीराजवळ, योग्य उंचीवर, न वळता उचलायची, अशा सर्वांत चांगल्या परिस्थितीतही नायॉशच्या सूत्रात सुरुवातीची मर्यादा २३ किलो आहे. पण १०० चे ५० होणं यानं जितक्या कमरा वाचल्या असतील, तितक्या कोणत्याही पट्ट्यानं वाचणार नाहीत. खेळातला प्रेस प्रकार बंद झाला, बाजारातलं पोतं अर्ध्यावर आलं. दोन्हीकडे उपाय एकच: माणसाला आवळण्याआधी काम बदला.

मग पट्टा बांधायचा कधी?

जिममध्ये जाणाऱ्यांसाठी:

- स्क्वॉट आणि डेडलिफ्टसारख्या व्यायामात, आपल्या कमाल क्षमतेच्या जवळचं वजन मोजक्या वेळा उचलताना पट्टा उपयोगी पडू शकतो.
- नवशिक्यांनी घाई करू नये. आधी बिनपट्ट्यानं श्वास भरून पोट घट्ट करायला आणि कंबर सरळ ठेवून उचलायला शिका.
- हलकी वजनं, मशीनवरचा व्यायाम, दंडाचे व्यायाम यांत पट्ट्याची गरज नाही.
- बरगड्या आणि कमरेचं हाड यांच्या मध्ये बांधा. पोट भरून श्वास घेता आला पाहिजे. प्रत्येक सेटनंतर सैल करा.
- कंबर दुखत असताना ती दाबून टाकायला पट्टा बांधून वजन उचलू नका.

रक्तदाबाची सूचना वेगळी देतो. १९८५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात पाच बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी ठेवून, जड वजन उचलतानाचा रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. एकाचा तर ४८०/३५० च्या वर. हे तरुण आणि तयार शरीराचे होते, आणि ही वाढ क्षणिक होती. पट्टा बांधल्यावर व्यायामात रक्तदाब आणखी थोडा चढतो, असं १९८९ च्या एका अभ्यासात आढळलं. म्हणून उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू, पोटाचं अलीकडे झालेलं ऑपरेशन किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय श्वास रोखून जड वजन उचलू नका आणि पट्टाही आवळू नका.

ओझं वाहणाऱ्यांसाठी: दिवसभर पट्टा बांधून ठेवल्यानं कंबरदुखी टळत नाही. मणक्याचं हाड मोडल्यावर किंवा ऑपरेशननंतर डॉक्टर देतात तो पट्टा वेगळा, तो सांगितलेल्या मुदतीपुरताच. जड पोतं दोघांनी धरा, हातगाडी वापरा, ओझं अंगाजवळ ठेवा, कमरेतून वळण्याऐवजी पाय फिरवा, मध्ये विसावा घ्या. हे नियम ऊसतोडणीची मोळी उचलणाऱ्या आणि पाण्याचे हंडे वाहणाऱ्या बायाबापड्यांनाही लागू आहेत.

पायातली ताकद कमी होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा, ताप किंवा वजन घटण्यासह कंबरदुखी, यांपैकी काहीही असेल तर पट्टा विकत घ्यायला नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

त्या सकाळी मी मुलाला सांगितलं, "पट्टा जपून ठेव. अजून सहा महिने तुला त्याची गरज नाही." मामांना औषध दिलं, व्यायाम शिकवला आणि म्हणालो, "पट्टा बांधा किंवा सोडा, पण ती वाढलेली दोन पोती आधी खाली ठेवा." ते गप्प झाले. मग म्हणाले, "त्या दोन पोत्यांचं पैसं नातवाच्या शाळंला जात्यात, डाक्टर."

यावर माझ्याकडे गोळी नाही. पण अडत दुकानाचे मालक हा लेख वाचत असतील, तर त्यांना एक विनंती. हमालाला पट्टा भेट देण्याआधी एक हातगाडी घेऊन द्या.