फराहबागेचे पाणी आणि दूरस्थ सर्व्हर

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील फराहबागेचा महाल १५८३ साली पुरा झाला. त्याभोवतीच्या तळ्यात पाणी दुरून आणलेले असे. नळ फुटल्यास तो उकरून सांधणे गवंड्याच्या आवाक्यात होते. आज तळे कोरडे आहे, महाल मात्र उभा आहे. घरातील दिवे-कुलुपे चालविणाऱ्या यंत्रांचा अलीकडील इतिहास याहून कठोर होय. रिव्हॉल्व्ह ही कंपनी नेस्टने २०१४ मध्ये घेतली आणि मे २०१६ मध्ये तिची सेवा बंद केली. सुमारे ३०० डॉलरचे सुस्थितीतील यंत्र निकामी ठरले, कारण त्याचा कारभार कंपनीच्या सर्व्हरवरून चाले. इन्स्टिऑनचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचनेविना थांबले. भिंतीवरील बटणे मात्र चालत राहिली. जूनमध्ये ग्राहकांच्याच एका गटाने ती कंपनी विकत घेतली.