घास अडकतोय? अन्ननलिका तपासून घ्या

ठाणे / प्रतिनिधी

भाकरीचा घास छातीत अडकल्यासारखा वाटतो, पाण्याचा घोट घेतला की खाली सरकतो. काही आठवड्यांनी भाकरी-पोळीऐवजी भात, मग भाताऐवजी पेज आणि अखेर केवळ दूध व चहा, असा आहार नकळत बदलत जातो. सकाळी ठाणे-डोंबिवलीहून लोकल गाठण्यासाठी उभ्या उभ्या न्याहारी उरकणारे आणि रात्री दहानंतर जेवून लगेच अंथरुणाला पाठ टेकणारे अनेक जण या त्रासाला ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून मोकळे होतात. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या जातात आणि महिने निघून जातात. प्रत्यक्षात घास अडकणे हे अन्ननलिका अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. वैद्यकीय परिभाषेत या विकाराला ‘स्ट्रिक्चर’ म्हणतात.

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास जाताना ती साधारण दोन सेंटीमीटर रुंद होऊ शकते. हा मार्ग १३ मिलिमीटरपेक्षा कमी झाला की घट्ट अन्न अडकू लागते. जठरातील आम्ल वारंवार वर येत राहिले, तर नळीच्या आतील अस्तराला जखमा होतात. त्या भरताना कठीण, तंतुमय व्रण तयार होतो आणि तो नळीला आवळत जातो. वर्षानुवर्षे जळजळ सोसणाऱ्यांची छातीतली आग एकाएकी कमी होते आणि त्याच सुमारास घास अडकू लागतो, असेही घडते. तो आराम समजून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे.

आम्ल हे एकमेव कारण नाही. काही प्रतिजैविके आणि हाडांच्या ठिसूळपणावरील गोळ्या घोटभर पाण्यासोबत घेऊन लगेच आडवे झाल्यास गोळी नळीतच चिकटून जखम करते. छातीवर किरणोपचार झालेल्यांना, तसेच अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झालेल्यांना हा त्रास होऊ शकतो. तरुणांमध्ये अ‍ॅलर्जीजन्य दाह हे कारण अलीकडे अधिक ओळखले जाऊ लागले आहे. लोहाच्या कमतरतेमुळे पंडुरोग झालेल्या काही स्त्रियांच्या अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा तयार होतो. त्यांना लोहाची औषधे द्यावी लागतातच, शिवाय पुढे कर्करोगाची शक्यता असल्याने नजरही ठेवावी लागते.

सर्वांत दारुण प्रकार मात्र स्वच्छतागृहासाठी आणलेले अ‍ॅसिड पोटात जाण्याचा. दारोदार विकले जाणारे सुटे अ‍ॅसिड पाण्याच्या वा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय आपल्याकडे आजही सुटलेली नाही. लहान मूल ते पाणी समजून पिते. अमेरिकेत डॉ. शेव्हॅलिए जॅक्सन यांनी अशाच मुलांवर उपचार करता करता दाहक पदार्थांच्या डब्यांवर धोक्याची सूचना छापण्यासाठी लढा दिला आणि १९२७ मध्ये तसा कायदा झाला. आपल्याकडे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर ओळखपत्र व नोंदवहीचे बंधन घातले. ते निर्देश अ‍ॅसिडहल्ल्यांच्या संदर्भात होते. घरातल्या बाटलीवरील चिठ्ठी मात्र घरच्यांनीच लावायची आहे.

असे दाहक द्रव्य प्यायलेल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. वर येताना तेच द्रव्य नळीला पुन्हा भाजते. लिंबू, सोडा असे उतारेही देऊ नयेत. तोंड धुऊन, बाटली सोबत घेऊन १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालय गाठावे. पहिल्या काही दिवसांनंतर वेदना ओसरतात, रुग्ण जेवू लागतो आणि कुटुंब निर्धास्त होते. नळी आवळू लागते ती साधारण तीन आठवड्यांनंतर. त्यामुळे घरी सोडताना दिलेली पुढील तपासणीची तारीख चुकवू नये. द्रव्य जाणूनबुजून घेतले गेले असेल, तर मानसोपचारही तितकाच आवश्यक. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा त्यासाठी उपलब्ध आहे.

निदानासाठी बेरियम पाजून क्ष-किरण चित्र आणि दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी करतात. दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा घेऊन तपासणे का महत्त्वाचे, तर कर्करोगातही घास असाच अडकतो. आठवड्यागणिक वाढणारा त्रास, घटते वजन, रक्ताची उलटी किंवा काळे शौच असेल, तसेच वय पन्नाशीपुढे असून तंबाखू-दारूचे व्यसन असेल, तर एक दिवसही दवडू नये. सुरुवातीपासूनच घट्ट अन्न आणि पाणी दोन्ही अडकत असेल, तर दोष नळीच्या हालचालीत असण्याचा संभव अधिक. त्याची तपासणी व उपचार वेगळे.

साध्या आकुंचनावर मुख्य उपचार म्हणजे नळी ताणून रुंद करणे. दुर्बिणीतून फुगा नेऊन तो फुगवतात किंवा क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या आत सरकवतात. एका बैठकीत साधारण तीन मिलिमीटरहून अधिक न ताणण्याचा संकेत पाळला जातो. म्हणून एक-दोन बैठकांत भागेलच असे नाही. दाहक द्रव्याने झालेल्या आकुंचनात महिनोन्‌महिने फेऱ्या माराव्या लागतात. सोबत आम्ल कमी करणारी औषधे चालू राहतात. दाद न देणाऱ्या व्रणात स्टिरॉइडचे इंजेक्शन, काही काळासाठी स्टेंट आणि शेवटी जठर वा मोठ्या आतड्याची नवी नळी करण्याची शस्त्रक्रिया, असे मार्ग आहेत.

ताणताना नळीला छिद्र पडण्याचा धोका थोडा, पण गंभीर असतो. घरी आल्यावर छातीत तीव्र वेदना, ताप, धाप किंवा मानेवर सूज आली, तर त्याच रात्री रुग्णालयात परतावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. गुंगीचे औषध दिले असेल तर सोबत माणूस हवाच. त्या अवस्थेत एकट्याने गर्दीच्या कल्याण लोकलमध्ये चढणे म्हणजे दुसरे संकट ओढवून घेणे.

पहिल्या तपासणीसाठी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालये आहेत. पोटविकारांचे स्वतंत्र विभाग मुंबईत शीव, केईएम, नायर आणि जे. जे. रुग्णालयांत आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे दाखल होण्यापूर्वी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून विचारून घ्यावे. जाताना शिधापत्रिका, आधार कार्ड आणि आधीचे सर्व अहवाल बरोबर न्यावेत.