टेबल कोण सरकवतं?

चिंचणी आणि आसपासची गावं दागिन्यांच्या डाय बनवण्यासाठी ओळखली जातात. पोलादाच्या ठोकळ्यात नक्षी कोरायची, तिच्यावर पत्रा दाबून दागिन्याचा भाग काढायचा. कोरण्याआधी ठोकळा सपाट हवा. ते मिलिंग मशीनचं काम. आज आपण नक्षी सोडून त्या मशीनच्या टेबलाकडे पाहू.

कटर जागेवर फिरतो, टेबल काम पुढे सरकवतं. या सरकवण्याला फीड म्हणतात. जुन्या मशीनवर हे हँडल दिवसभर हातानं फिरवायचं. खांदा भरून येतो, चाल कमीजास्त होते, आणि ते पृष्ठभागावर उमटतं. म्हणून पॉवर फीड.

आपल्याला वाटतं, आधी हात आणि मग मोटर. इतिहास इतका सरळ नाही. अमेरिकेत एली व्हिटनीच्या नावावर सांगितलं जाणारं अगदी सुरुवातीचं मशीन घ्या. त्याचं 1818 हे साल आणि व्हिटनीचं श्रेय, दोन्हींवर संशोधकांनी पुढे शंका घेतली. पण त्याचंही टेबल यंत्राच्याच चालीनं सरकत होतं! 1862 मध्ये जोसेफ ब्राउन यांनी युनिव्हर्सल मिलिंग मशीन केलं, तेही ड्रिलच्या पिळाच्या खाचा कामगार कानशीनं घासत बसत म्हणून. मग हँडल कशासाठी उरलं? स्वस्ताईसाठी. 1938 पासून ब्रिजपोर्टची मशीनं छोट्या वर्कशॉपांत पसरली, त्यांत टेबलाचं पॉवर फीड बहुधा जादा पैसे मोजून घ्यायचं असे.

आता ते जुन्या मशीनला बसवायचं तर एका टोकाचं हँडल काढून ब्रॅकेट लावतात, स्क्रूच्या दांड्यावर बेव्हल गिअर बसवतात, पातळ वॉशर घालून दात नीट जुळवतात. हे अवघड नाही. अवघड आहे तो स्क्रू आणि नट यांच्यातला, झिजेनं वाढलेला खेळ. कटर कामाला फीडच्याच दिशेनं ओढू लागला, की तेवढ्या खेळाएवढं टेबल झटक्यात पुढे जातं, दात तुटतो. मुरलेल्या हाताला ती ओढ हँडलवर आधी कळते. मोटरला काहीच कळत नाही. म्हणून आधी नट आणि गिबपट्टी कसायची, आणि तरीही खेळ उरला तर फीडच्या विरुद्ध दिशेनंच कापायचं.

इथं आमचा मालकांशी वाद आहे. हात मोकळा झाला म्हणून त्याच माणसाला दुसरं मशीन सोपवतात. हातातून गेलेली जाणीव आता कानानं भरून काढायची असते. कटरचा आवाज बदलला की लिव्हर मध्ये आणायचा. तो माणूस पलीकडच्या मशीनवर असेल तर ऐकणार कोण? दोन्ही टोकांचे लिमिट स्विच टेबल थांबवतात, कटर वाचवत नाहीत.