चोकेकिराव
* पेरूमधल्या कुस्को प्रदेशातले, सुमारे ३,००० मीटर उंचीवरचे इंका अवशेष. हायरम बिंगहॅम इथे १९०९मध्ये, म्हणजे माचू पिचूच्या दोन वर्षे आधी आला होता. आजही गाडीरस्ता नाही. काचोरा गावाकडून निघालेली वाट आपुरिमाक नदीपर्यंत सुमारे दीड हजार मीटर उतरते आणि पलीकडे जवळपास तेवढीच चढते. जाऊन-येऊन साधारण चार दिवस लागतात. तंबू-शिधा खेचरांवर. लेखकाने खेचरवाल्यांचा उल्लेख ओझरता केला आहे, पण ही सफर खरी त्यांच्याच जिवावर पार पडते. पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांच्या बांधांत पांढऱ्या दगडांनी जडवलेले लामा मात्र सवडीने पाहावेत. मुख्य चौकापासून ते बरेच खाली, उभ्या उतारावर आहेत. — संपादक