कृत्रिम खुबा : स्थैर्याच्या शोधाचा इतिहास

जैन आचारधर्मात शरीराची ठेवण आणि भक्ती यांचा निकटचा संबंध आहे. खमासमण देताना दोन गुडघे, दोन हात व मस्तक ही पाच अंगे भूमीला टेकतात. सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटे एका आसनावर बसावे लागते. या क्रियांत खुब्याच्या सांध्याची कसोटी लागते. दिवेआगरसारख्या नारळी-पोफळीच्या गावात पावसाळ्यात वाडीतील वाटा शेवाळाने निसरड्या होतात. उतारवयात पाय घसरून खुबा मोडला की देरासराची वाटही बंद होते. म्हणूनच कृत्रिम खुब्याचा इतिहास या किनाऱ्यावरील कुटुंबांनाही परका नाही.

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो, ही या सांध्याची नैसर्गिक रचना. तिची प्रतिकृती करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. जर्मनीत थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी त्यासाठी हस्तिदंत वापरले. अहिंसेच्या उपासकांनी समाधान मानावे अशी गोष्ट म्हणजे पुढील प्रगती धातू, प्लास्टिक व सिरॅमिक यांच्या आधारे झाली.

खरे युगांतर घडविले ते इंग्लंडमधील सर जॉन चार्न्ली यांनी. त्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. ती लवकर झिजली आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. चार्न्ली यांनी चूक झाकली नाही. टेफ्लॉनचा परिणाम पाहण्यासाठी त्यांनी त्याचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलीनची वाटी स्वीकारली व तिच्यात सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा धातूचा गोल बसविला. लहान गोलामुळे झीज घटली, परंतु तो वाटीतून निसटण्याचा धोका मात्र राहिला.

स्थैर्य केवळ गोलाच्या आकारावर अवलंबून नसते. वाटी कोणत्या कोनात बसविली आहे आणि भोवतीचे स्नायू किती ताणलेले आहेत, हेही महत्त्वाचे ठरते. लेविनेक व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये वाटीच्या तिरपेपणासाठी ३० ते ५० अंश ही सुरक्षित मर्यादा सुचविली. कोन योग्य असूनही काही खुबे निखळतात, हे पुढील अनुभवाने दाखविले. फ्रान्समध्ये जिल बुस्के यांनी १९७० च्या दशकात दुहेरी हालचालीची वाटी आणली. तिच्यात लहान गोल एका फिरत्या आवरणात असतो आणि ते आवरण मोठ्या वाटीत फिरते. कमी झीज आणि अधिक स्थैर्य यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न होता.

स्थैर्याच्या हव्यासाची किंमतही मोजावी लागली. मोठ्या गोलाचे, धातूवर धातू घासणारे खुबे निखळत कमी. परंतु त्यांतून कोबाल्ट व क्रोमियमचे कण शरीरात पसरत. डी-प्यू कंपनीचा एएसआर खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घेण्यात आला. भारतात तो हजारो रुग्णांना बसविला गेला होता. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये रुग्णांना किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली.

भारतीय जीवनपद्धती ध्यानात घेणाऱ्या संशोधनाचा उल्लेख येथे उचित ठरेल. पुण्यात संचेती रुग्णालय उभारणारे डॉ. के. एच. संचेती यांनी 'इंडस' हा स्वदेशी कृत्रिम गुडघा विकसित केला. त्यांना १९९१ मध्ये पद्मश्री, २००३ मध्ये पद्मभूषण व २०१२ मध्ये पद्मविभूषण सन्मान लाभले.

या इतिहासाचा बोध व्यवहाराचा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने डॉक्टरांना आपली दिनचर्या, वंदना व आसन यांविषयी सांगावे. कोणत्या कंपनीचा कोणता सांधा बसविला, याची नोंद जपून ठेवावी. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मनाई केली असेल तितका काळ खुर्चीवर बसूनच सामायिक करावे. आसन बदलले तरी समभाव बदलत नाही.